जन्मपत्रिका व फलादेश

जन्मपत्रिका व फलादेश : व्यक्तीच्या जन्मक्षणी जन्मस्थळाच्या पूर्व क्षितिजावर उदय पावणारी राशी आणि त्या क्षणीची ग्रहांची राशिस्थाने दाखविणाऱ्या आकृतीस जन्मकुंडली म्हणतात. कुंडलीला जन्मतिथी, वार, नक्षत्र, योग, करण, राशी, ग्रहांचे अंश व दशांचे कोष्टक यांची जोड देऊन जे पत्रक तयार करतात, ते जन्मपत्रिका होय. पत्रिका ज्या व्यक्तीची असते तिला ‘जातक’ आणि पत्रिकेच्या आधारे तिच्या स्वभावाविषयी, गतायुष्याविषयी व भवितव्याविषयी केलेल्या कथनास ‘फलादेश’ अशी संज्ञा आहे. शिक्षण, नोकरी, विवाह, संतती, घर, आजारपण, परदेशगमन अशा बाबतींत निर्णय घेताना फलादेशाचा सल्ला घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्व थरांत कमीअधिक प्रमाणात आढळते.

जन्मपत्रिकेची दोन अंगे आहेत : गणित व फलित. ग्रह अमुक वेळी अमुक अंशावर होता, हे विधान गणिताचे असून वेधाने पडताळता येते. त्या ग्रहस्थितीमुळे विवाहास विलंब होईल, हे विधान फलिताचे असून त्याचा पडताळा वेगळ्या मार्गाने घ्यावा लागतो. या दोन्ही अंगांविषयीच्या महत्त्वाच्या चर्चा पुणे शहरात झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे पंचांगशोधनाचा वाद झडला आणि २००८ मध्ये तेथेच फलिताची संख्याशास्त्रीय चाचणी घेण्यात आली. त्यामुळे पत्रिकेवरून दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनाचे स्वरूप व मर्यादा समजून घेण्यास पुण्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वेदांगज्योतिषात यज्ञकालाच्या निर्णयासाठी सूर्य, चंद्र व नक्षत्रे यांचे गणित आहे, जन्मलग्नावरून व्यक्तीचे भविष्य सांगण्याची पद्धती त्यात नाही. बारा राशी, बारा भाव व लग्न यांवर आधारलेले जातकशास्त्र इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक संपर्कातून भारतात रूढ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण या संज्ञा मूळ ग्रीक असून यवनजातक या ग्रंथाचे नावही त्याच संपर्काचे द्योतक आहे. नक्षत्रांवर आधारलेल्या दशा हे मात्र भारतीय परंपरेचे वैशिष्ट्य होय. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातक या ग्रंथात जातकशास्त्राची सुसंबद्ध मांडणी केली. महाराष्ट्रात पंचांगाच्या गणितासाठी गणेश दैवज्ञ यांचा ग्रहलाघव (शके १४४२) हा करणग्रंथ दीर्घकाळ प्रचारात होता. या संपूर्ण परंपरेचा साक्षेपी इतिहास शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या मराठी ग्रंथात दिला आहे.

पत्रिका हे जन्मकाळाची नोंद ठेवण्याचेही साधन होते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात याचा प्रत्यय आला. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत ही तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) अशी आहे. पुढे जोधपूर येथील जुन्या पत्रिकांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली व तीतील ग्रहस्थितीने या तिथीस पुष्टी दिली. येथे पत्रिकेचा उपयोग फलितासाठी झालेला नाही. तीतील गणित ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोगी पडले.

पत्रिकेचे गणित : पत्रिका मांडण्यासाठी जन्मदिनांक, जन्मवेळ व जन्मस्थळ ही तीन माहिती लागते. प्रथम घड्याळाची प्रमाणवेळ स्थानिक वेळेत बदलून घेतात. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्ताची आहे; पुण्याचे रेखांश सुमारे ७३° ५१' पूर्व आहेत. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या मागे सुमारे साडेचौतीस मिनिटे पडते. म्हणजे घड्याळात सकाळचे सहा वाजता जन्मलेल्या बालकाची स्थानिक जन्मवेळ पाच वाजून पंचवीस मिनिटे धरावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या काळातील पत्रिका मांडताना हा तासही वजा करावा लागतो.

स्थानिक वेळ व अक्षांश यांवरून लग्न काढतात. चोवीस तासांत बाराही राशी क्रमाने उदय पावत असल्यामुळे एक लग्न सरासरी दोन तास टिकते. राशीचा नववा भाग, म्हणजे ३° २०', यास नवांश म्हणतात. लग्नाचा नवांश सुमारे तेरा मिनिटांत बदलतो. विवाहाच्या विचारात नवांशकुंडलीस फार महत्त्व देतात, त्यामुळे जन्मवेळेत पाव तासाची चूक झाली, तरी तीवरील फलादेश बदलतो. प्रसूतिगृहातील नोंद कोणत्या क्षणाची आहे, बालक बाहेर आल्याची, पहिल्या रडण्याची की नाळ कापल्याची, याविषयीही ज्योतिषांत एकवाक्यता नाही. अलीकडे शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीसाठी काही कुटुंबे ज्योतिषाच्या सल्ल्याने आगाऊ वेळ निवडतात. अशा पत्रिकेत जन्मवेळ हीच सल्ल्याचे फलित असते.

महाराष्ट्रात कुंडली चौकोनात कर्ण व तिरके चौकट काढून मांडतात. वरच्या मध्यघरात लग्न असते व तेथून डावीकडे क्रमाने बारा भाव येतात. भावांच्या जागा स्थिर असून त्यांत राशींचे अंक व ग्रहांची आद्याक्षरे लिहितात. पूर्वी हे काम पंचांगातील कोष्टकांवरून हाताने करीत व श्रीमंत घरांत पत्रिकेची लांब गुंडाळी सुशोभित करून ठेवीत. १९८० नंतर संगणकाचा प्रसार झाला आणि पुढे भ्रमणध्वनीवरही क्षणार्धात पत्रिका मिळू लागली. त्यामुळे गणितातील आकडेमोडीच्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या. जन्मवेळेची व अयनांशाची अनिश्चितता मात्र कायम राहिली. [→ पंचांग].

अयनांशाचा वाद : वसंतसंपात बिंदूपासून मोजलेल्या ग्रहस्थानास सायन व नक्षत्रचक्राच्या स्थिर आरंभबिंदूपासून मोजलेल्या स्थानास निरयन म्हणतात. या दोन आरंभबिंदूंतील अंतर म्हणजे अयनांश. भारतीय फलज्योतिष निरयन पद्धतीचे आहे. परंतु हा स्थिर बिंदू आकाशात नेमका कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. पुण्यातील गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून वेधाशी जुळणारे शुद्ध पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते ‘पटवर्धनी पंचांग’ या नावाने ओळखले जाई. त्यात रेवती नक्षत्रातील एका अंधुक ताऱ्यापाशी आरंभबिंदू मानलेला होता. लोकमान्य टिळकांनी याच रैवत पक्षाचा पुरस्कार केला व टिळक पंचांग त्यावर आधारले. उलटपक्षी, चित्रा तारा आरंभबिंदूपासून बरोबर १८०° वर मानणारा चैत्र पक्ष व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी समर्थपणे मांडला. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल सादर केला. तिने निरयन गणनेसाठी चित्रा पक्षाशी जुळणारा अयनांश स्वीकारला. आज महाराष्ट्रातील बहुसंख्य पंचांगे व पत्रिका चैत्र पक्षाच्या असून टिळक पंचांगाने रैवत पक्ष राखला आहे. त्यामुळे काही वर्षी दोहोंतील अधिक मास भिन्न येतात व सणांच्या तारखांत महिन्याचे अंतर पडते.

दोन्ही पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. सणवारांतील तफावत सर्वांच्या लक्षात येते. पत्रिकेवरील परिणाम मात्र सामान्य जातकास क्वचितच ठाऊक असतो. चंद्राचे जन्मनक्षत्र १३° २०' चे असते. चार अंशांच्या फरकामुळे दहांपैकी सुमारे तीन जातकांचे जन्मनक्षत्र दोन पक्षांत वेगळे येते आणि आठांपैकी साधारण एकाची जन्मराशीच बदलते. एकाच आकाशाखाली एकाच क्षणी जन्मलेली व्यक्ती एका पंचांगाने मेषेची व दुसऱ्याने वृषभेची ठरू शकते. दशांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो.

फलादेशाची पद्धती : फलादेशात चार गोष्टींची सांगड घालतात : भाव, ग्रह, दशा व गोचर. बारा भाव आयुष्याच्या बारा क्षेत्रांचे निदर्शक मानले आहेत. पहिला तनुभाव शरीर व स्वभाव दाखवितो. त्यानंतर अनुक्रमे धन, सहज (भावंडे), सुख (माता व घर), सुत (संतती व विद्या), रिपु (रोग व शत्रू), जाया (विवाह), मृत्यू, भाग्य, कर्म (व्यवसाय), लाभ व व्यय हे भाव येतात. ग्रहांना कारकत्वे दिलेली आहेत. उदा., गुरू हा ज्ञान व संततीचा, शुक्र विवाह व सुखाचा, शनी कष्ट, विलंब व दीर्घोद्योगाचा कारक समजतात. ग्रह स्वराशीत वा उच्च राशीत असल्यास बलवान, नीच राशीत असल्यास दुर्बल मानतात. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या भावावर दृष्टी टाकतो. याखेरीज मंगळास चौथी व आठवी, गुरूस पाचवी व नववी आणि शनीस तिसरी व दहावी दृष्टी आहे.

एखाद्या भावाचा विचार करताना त्या भावातील ग्रह, भावेश म्हणजे भावराशीचा स्वामी, त्याचे स्थान, त्यावरील दृष्टी व विषयाचा कारक ग्रह हे सर्व पाहतात. यांतून निघणारी सूचके बहुधा परस्परविरोधी असतात. जायाभावात शनी असल्यास विवाहास विलंब सांगतात; पण त्यावर गुरूची दृष्टी असेल, तर तोच विवाह स्थिर व समंजस होईल असेही सांगता येते. कोणत्या सूचकास किती वजन द्यावे, याचा निश्चित नियम ग्रंथांत नाही. तेथे ज्योतिषाचा अनुभव, गुरुपरंपरा व अंतःस्फूर्ती यांवर भिस्त असते. एकच पत्रिका दोन ज्योतिषांना दाखविल्यास भिन्न फलादेश मिळण्याचे हे प्रमुख कारण होय. पाराशरी पद्धतीबरोबरच मद्रासचे के. एस. कृष्णमूर्ती (१९०८–७२) यांची पद्धतीही महाराष्ट्रात बरीच रूढ आहे. तीत नक्षत्राचे लहान असमान विभाग पाडून घटनेचा काळ अधिक सूक्ष्मतेने सांगण्याचा प्रयत्न असतो. जन्मवेळ ठाऊक नसल्यास प्रश्न विचारल्याच्या क्षणाची प्रश्नकुंडली मांडतात.

घटना केव्हा घडेल, हे सांगण्यासाठी विंशोत्तरी दशा वापरतात. मनुष्याचे पूर्णायुष्य १२० वर्षे कल्पून ती नऊ ग्रहांत वाटलेली आहेत : केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९ व बुध १७ वर्षे. जन्मनक्षत्राच्या स्वामीची दशा जन्मतः चालू असते व चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडला असेल, तेवढी ती भोगून झाली असे धरतात. समजा, चैत्र पक्षाने एका जातकाचा चंद्र मेषेच्या २०° वर, म्हणजे भरणी नक्षत्राच्या बरोबर मध्यावर आहे. भरणीचा स्वामी शुक्र असल्यामुळे शुक्राची दहा वर्षे शिल्लक राहतात. त्यापुढे रवी, चंद्र व मंगळ यांच्या दशा संपून राहूची महादशा वयाच्या ३३ व्या वर्षी सुरू होते. रैवत पक्षाने तोच चंद्र मेषेच्या २४° वर येतो. शुक्राची चारच वर्षे उरतात आणि राहूची महादशा २७ व्या वर्षी सुरू होते. सत्ताविसाव्या वर्षी नोकरी सोडून व्यवसाय करावा की नाही, असे विचारणाऱ्या जातकास दोन पंचांगांकडून दोन उत्तरे मिळू शकतात. अयनांश एकच धरला, तरी जन्मवेळेत एका तासाची चूक असेल, तर याच उदाहरणात दशेचा आरंभ सुमारे दहा महिन्यांनी पुढेमागे सरकतो. महिन्याच्या हिशेबात सांगितलेले भविष्य या अनिश्चिततेपेक्षा अधिक सूक्ष्म असू शकत नाही.

गोचर म्हणजे ग्रहांचे चालू भ्रमण. त्यातील साडेसाती सर्वांत परिचित आहे. शनी जन्मराशीच्या बाराव्या, पहिल्या व दुसऱ्या राशीतून जात असता प्रत्येकी अडीच वर्षांप्रमाणे साडेसात वर्षांचा हा काळ होतो. बारांपैकी तीन राशींना साडेसाती नेहमीच चालू असल्याने कोणत्याही क्षणी लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा साडेसातीत असतो. एवढ्या मोठ्या समूहात अडचणी सोसणारी माणसे विपुल सापडणारच. त्यामुळे साडेसातीचा ‘अनुभव’ आल्याची साक्ष सर्वत्र मिळते. [→ फलज्योतिष].

विवाहमेलन : पत्रिकेचा सर्वाधिक व्यावहारिक उपयोग विवाह ठरविताना होतो. वधूवर सूचक मंडळांच्या नोंदींत व विवाहविषयक जाहिरातींत राशी, नक्षत्र, नाडी, गण व ‘मंगळ आहे’ किंवा ‘नाही’ हे उल्लेख नेहमी आढळतात. गुणमेलनात वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ व नाडी ८ असे एकूण ३६ गुण असून १८ किंवा अधिक गुण जमल्यास स्थळ स्वीकार्य समजतात. हे आठही घटक केवळ चंद्राच्या नक्षत्रावर व राशीवर अवलंबून आहेत. नक्षत्राच्या एका चरणातून जाण्यास चंद्रास सुमारे सहा तास लागतात. त्या सहा तासांत जगात कोठेही जन्मलेल्या सर्वांचे गुणमेलन सारखेच येते; लग्न, इतर ग्रह व दशा यांचा त्यात विचार नसतो. नाड्या तीनच असल्यामुळे यदृच्छेने निवडलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एकतृतीयांश ‘एकनाडी’ निघतात व एकदम आठ गुणांना मुकतात.

पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या भावात मंगळ असल्यास पत्रिका मंगळाची समजतात. बारांपैकी पाच भाव येत असल्याने सुमारे ४२ टक्के व्यक्तींना मंगळ असतो. लग्नाप्रमाणेच चंद्र व शुक्र यांपासूनही हा दोष पाहण्याची काहींची रीत आहे. तिन्ही लावल्यास सुमारे चारपंचमांश पत्रिका कोठून ना कोठून मंगळाच्या ठरतात. परिणामी ग्रंथकारांनी दोषाला असंख्य अपवाद जोडले आहेत आणि अनुभवी ज्योतिषी बहुतेक पत्रिकांत त्यांपैकी एखादा शोधून काढतात. सामाजिक परिणाम मात्र दोन्ही बाजूंना सारखा होत नाही. मंगळाच्या मुलीमुळे पतीच्या आयुष्यास धोका असतो, या समजुतीपायी मुलींनाच अधिक नकार येतात. स्थळ अन्य कारणांनी नको असल्यास ‘पत्रिका जमत नाही’ हे सांगणे सोयीचे पडते, हाही पत्रिकेचा एक मान्य उपयोग होऊन बसला आहे. पत्रिका पाहणे हे त्यामुळे काही अंशी कुटुंबांमधील शिष्टाचाराचे साधन ठरते. तथापि ज्या मुलीची पत्रिका वारंवार परत येते, तिच्या दृष्टीने हा शिष्टाचार नसून तो तिच्यावर लादलेला निर्णय असतो.

सल्ल्याचे स्वरूप : पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार इ. जुन्या पेठांत ज्योतिष सांगणारी घराणी होती. पुढे उपनगरांतही ज्योतिषांची कार्यालये झाली. खाजगी संस्था ज्योतिषाचे वर्ग चालवून परीक्षा घेतात व पदव्या देतात. मात्र हा व्यवसाय करण्यासाठी वैद्यक वा वकिलीप्रमाणे कायद्याने ठरविलेली पात्रता वा नोंदणी नाही.

जातक सहसा एखादी ठरावीक अडचण घेऊन येतो. पत्रिका मांडून झाल्यावर ज्योतिषी प्रथम गतायुष्यातील दोनचार घटना सांगतो किंवा विचारून घेतो. त्या जुळल्या, तर जातकाचा विश्वास बसतो. न जुळल्यास जन्मवेळ चुकीची असावी असे धरून, घटना जुळतील अशा बेताने ती दुरुस्त करतात; यास जन्मवेळशुद्धी म्हणतात. ज्या घटनांवरून वेळ दुरुस्त केली, त्याच घटना पत्रिकेच्या सत्यतेचा पुरावा म्हणून धरता येत नाहीत, ही बाब या प्रक्रियेत बहुधा दृष्टिआड होते. त्यानंतर ज्योतिषी अनुकूल व प्रतिकूल कालखंड सांगतो. त्याची भाषा योगाची असते : ‘विवाहयोग आहे’, ‘स्थलांतराचा काळ आहे’. योग घडून आला, तर भाकीत खरे ठरते. न आल्यास अन्य ग्रहाने तो अडविला असे स्पष्टीकरण उपलब्ध असते. शेवटी जप, दान, शांती, उपवास, रत्नधारण यांसारखे उपाय सुचविले जातात.

या भेटीचे मानसिक मूल्य नाकारता येत नाही. घरात बोलता न येणारी गोष्ट जातक येथे बोलतो. कोणी तरी तासभर लक्षपूर्वक ऐकून घेतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच वाटतो, तेवढा ज्योतिषाकडे जाण्यास वाटत नाही. अपयशाचा दोष स्वतःकडून ग्रहांकडे जातो व ‘हा काळ अमुक महिन्यापर्यंतच आहे’ या वाक्याने धीर येतो. जाणते ज्योतिषी मृत्यूचे वा वैधव्याचे भाकीत सांगत नाहीत, आजाऱ्यास डॉक्टरकडे पाठवितात आणि अभ्यास वा प्रयत्न सोडू नका असे बजावतात. असा सल्ला हितकर ठरतो तो त्यातील व्यवहारज्ञानामुळे. त्यासाठी ग्रहांचा आधार अपरिहार्य नसतो. याउलट भीती घालून महागडी रत्ने व शांतिकर्मे गळ्यात मारणे, उपचार लांबणीवर टाकायला लावणे, जमलेला विवाह मोडायला लावणे असे प्रकार घडतात, तेव्हा जातकापाशी दाद मागण्यास निश्चित निकष नसतो.

फलिताची परीक्षा : वर्णन आपल्याला तंतोतंत लागू पडते, असे जातकास का वाटते याचा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. तो ज्योतिषविषयक पुस्तकातील वाक्ये जुळवून केलेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेस पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. शॉन कार्लसन यांची दुहेरी अंध पद्धतीची चाचणी नेचर या नियतकालिकात १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ज्योतिषांना एका पत्रिकेशी तीन व्यक्तिमत्त्ववर्णनांपैकी योग्य ते जुळवावयाचे होते. त्यांचे यश यदृच्छेने मिळणाऱ्या एकतृतीयांशाच्या आसपासच राहिले. मात्र या चाचण्या पाश्चात्त्य सायन पद्धतीच्या ज्योतिषावर झाल्या होत्या. भारतीय पद्धतीस त्या लागू नाहीत, असा आक्षेप घेता येत असे.

भारतीय पद्धतीची चाचणी पुण्यात २००८ मध्ये योजण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५), पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) व फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शाळेत बुद्धिमान म्हणून नावाजलेली १०० मुले व मतिमंद १०० मुले अशा २०० जणांचे जन्मतपशील मिळवून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषास यदृच्छेने निवडलेल्या ४० पत्रिका पाठविल्या व प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातील आहे, एवढेच सांगण्यास सांगितले. नाणे उडवून उत्तरे दिली, तरी सरासरी २० बरोबर यावीत, अशी ही रचना होती. प्रारंभी ५१ ज्योतिषांनी तयारी दर्शविली. उत्तरे २७ जणांनी पाठविली. त्यांचे सरासरी यश ४० पैकी सुमारे १७ होते व सर्वाधिक यश २४ पत्रिकांचे होते. सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका ज्योतिषसंस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष करंट सायन्स या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या चाचणीवर ज्योतिषांकडून काही आक्षेप घेण्यात येतात. जातकास समोर बसवून त्याच्याशी बोलल्याशिवाय फलादेश पूर्ण होत नाही, जन्मवेळा अचूक असतीलच असे नाही, एका प्रश्नावरून संपूर्ण शास्त्राची परीक्षा होत नाही, असे त्यांचे स्वरूप आहे. यांपैकी शेवटचा आक्षेप तत्त्वतः रास्त आहे. एका चाचणीने एकाच विधानाची परीक्षा होते. परंतु जन्मवेळेचा आक्षेप मान्य केल्यास तो नित्याच्या सल्ल्यालाही तितकाच लागू पडतो, कारण तेथील जन्मवेळाही अशाच नोंदींवरून घेतलेल्या असतात. आणि संभाषण अपरिहार्य असेल, तर फलादेशातील माहिती पत्रिकेतून येते की संभाषणातून, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मानसिक अपंगत्वासारखी संपूर्ण आयुष्य व्यापणारी बाब पत्रिकेत दिसत नसेल, तर नोकरीतील बढतीचा महिना तीत कसा दिसावा, याचे समाधानकारक उत्तर अद्याप दिले गेलेले नाही.

कायदेशीर स्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांतून ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्यास वैज्ञानिकांनी आव्हान दिले. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या धोरणात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. रोग बरे करण्याच्या दाव्याने ताईत, कवच इत्यादींची जाहिरात करण्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यान्वये प्रतिबंध आहे. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या प्रतिबंधासाठी वटहुकूम काढला व त्याच वर्षी विधिमंडळाने त्यास अधिनियमाचे रूप दिले. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले जोशी आदींनी दिलेला सल्ला मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. म्हणजे पत्रिका पाहणे हा गुन्हा नाही व तिच्या फलादेशाची हमीही कायदा देत नाही. सल्ला स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे दायित्व सर्वस्वी जातकाकडे राहते.

म्हणूनच पत्रिका दाखविणाऱ्याने ती कोणत्या अयनांशाने मांडली आहे, जन्मवेळ किती विश्वसनीय आहे आणि सांगितलेली गोष्ट गणिताची आहे की फलिताची, हे विचारून घेणे उचित ठरते. ग्रहांची स्थाने सांगताना ज्योतिषी सुमारे दोन सहस्र वर्षे तपासल्या व सुधारल्या गेलेल्या गणिताच्या आधारे बोलतो. त्या स्थानांचा अर्थ सांगताना त्याच्यामागे परंपरा व स्वतःचा अनुभव एवढाच आधार असतो. दुसऱ्या कोणाचे आयुष्य ज्यावर अवलंबून आहे असा निर्णय, विशेषतः विवाहाचा व वैद्यकीय उपचारांचा, केवळ या दुसऱ्या आधारावर घेणे धोक्याचे आहे.